उल्लेखांची गणना आणि उल्लेखांचा अर्थ
(रसायनसंशोधकाच्या मूल्यमापनाविषयी काही विचार)

१

रसायनशास्त्राच्या एखाद्या अभ्यासकाने आपल्या शास्त्रात कोणती भर घातली, हा प्रश्न पूर्वी त्या शास्त्रातील जाणत्या मंडळींना विचारला जात असे. आज तो बहुधा कोणालाच विचारावा लागत नाही. अभ्यासकाच्या नावापुढे तीन-चार आकडे मांडलेले असतात. त्याचे निबंध किती, त्या निबंधांचे इतरांनी केलेले उल्लेख किती, त्याचा एच-निर्देशांक किती आणि ज्या नियतकालिकांत ते निबंध आले त्यांचा प्रभावांक किती, एवढे समजले की मूल्यमापन पुरे झाले असे मानण्याकडे विद्यापीठीय जगाचा कल आहे. नेमणूक, बढती, अनुदान आणि मार्गदर्शक म्हणून मिळणारी मान्यता यांपैकी बहुतेक ठिकाणी हे आकडे प्रथम पुढे येतात. पुष्कळदा शेवटचा शब्दही त्यांचाच असतो.

या आकड्यांचा विचार भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने का करावा, अशी शंका वाचकास येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर या मापनपद्धतीच्या इतिहासातच सापडते. उल्लेखांची मोजणी करून शास्त्रीय नियतकालिकांचे महत्त्व ठरविण्याचा प्रसिद्ध आरंभीचा प्रयत्न १९२७ साली झाला, आणि तो रसायनशास्त्राच्याच संबंधात झाला. ग्रॉस आणि ग्रॉस या दोघा अमेरिकन अभ्यासकांनी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकाचा १९२६ चा खंड घेऊन त्यातील ३,६३३ उल्लेखांची वर्गवारी केली. त्यांच्यापुढील प्रश्न अगदी साधा होता. रसायनशास्त्र शिकविणाऱ्या लहानशा महाविद्यालयाच्या ग्रंथालयाने मोजक्या पैशांत कोणती नियतकालिके घ्यावीत? कोण मोठा रसायनशास्त्रज्ञ आणि कोण लहान, हे ठरविण्याचा त्यांचा उद्देश नव्हता.

पुढे या कल्पनेला व्यापक रूप देणारे युजीन गारफील्ड यांचे शिक्षण प्रथम रसायनशास्त्रात झाले होते आणि त्यांची डॉक्टरेट भाषाशास्त्रातील होती. १९६१ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्यांनी सादर केलेल्या प्रबंधाचा विषय होता रासायनिक संयुगांच्या नावांवरून त्यांची रेणुसूत्रे काढण्याची रीती. रसायनशास्त्रातील नाव हा घटकांनी बनलेला शब्द आहे, त्याचे पदच्छेद करता येतात आणि त्या पदांतून रचना उलगडता येते, ही त्यामागील दृष्टी भाषाशास्त्रीयच होय. उल्लेख-सूचीची कल्पना त्यांनी १९५५ साली 'सायन्स' या नियतकालिकात मांडली आणि १९६४ पासून विज्ञानाची उल्लेख-सूची नियमितपणे प्रसिद्ध होऊ लागली. सारांश, ज्या यंत्राने आज रसायनसंशोधकाचे मोल ठरविले जाते, ते रसायन आणि भाषाशास्त्र यांच्या सीमेवरच घडले आहे. त्या यंत्राची भाषेच्या अंगाने तपासणी करणे म्हणूनच अनधिकार चेष्टा ठरू नये.

२

प्रथम ही मापे कशी काम करतात ते पाहावयास हवे. निबंधांची संख्या हे सर्वांत ओबडधोबड माप. ते श्रमाचे द्योतक असते, फलाचे असेलच असे नाही. एकूण उल्लेखसंख्या हे दुसरे माप. त्यात एखाददुसरा निबंध सगळा भार उचलून धरतो आणि उरलेल्या लेखनाविषयी काहीच समजत नाही. या दोन्ही दोषांवर तोड म्हणून जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली एच-निर्देशांक सुचविला. ज्या अभ्यासकाच्या निबंधांपैकी 'न' निबंधांचे प्रत्येकी निदान 'न' उल्लेख झाले आहेत, त्याचा निर्देशांक 'न', अशी त्याची सुटसुटीत व्याख्या आहे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पहिल्या संशोधकाच्या दहा निबंधांचे उल्लेख अनुक्रमे ५०, ३०, २०, १२, ९, ६, ४, २, १ आणि ० आहेत. दुसऱ्याचे सहाच निबंध असून प्रत्येकाचे उल्लेख सहा आहेत. तिसऱ्याचेही निबंध सहाच. त्यांपैकी पाचांचे उल्लेख प्रत्येकी सहा, परंतु सहाव्याचे नऊशे. या तिघांची एकूण उल्लेखसंख्या अनुक्रमे १३४, ३६ आणि ९३० भरते. निर्देशांक मात्र तिघांचाही सहाच. पहिला दीर्घकाळ विविध विषयांवर लिहिणारा आहे. दुसरा नेमस्त असून तिसऱ्याने एकदाच का होईना, पण संपूर्ण शास्त्राला कामास येईल असे काही केले आहे. तीन भिन्न प्रकृतींच्या अभ्यासकांना एकाच अंकात बसविणारे हे माप आहे. ज्यांनी ते काढले त्या हिर्श यांनीही पुढे त्याच्या अनिष्ट परिणामांविषयी उघडपणे लिहिले, ही गोष्ट येथे नोंदविण्यासारखी आहे.

प्रभावांकाची गोष्ट याहून निराळी. एखाद्या नियतकालिकात मागील दोन वर्षांत प्रसिद्ध झालेल्या लेखनाचे चालू वर्षात किती उल्लेख झाले, त्या संख्येला त्या दोन वर्षांतील निबंधांच्या संख्येने भागिले असता प्रभावांक मिळतो. १९७५ पासून नियतकालिकांचे असे अंक वार्षिक अहवालरूपाने प्रसिद्ध होत आले आहेत. म्हणजे प्रभावांक ही नियतकालिकाची सरासरी झाली. व्यक्तीच्या किंवा निबंधाच्या गुणाशी तिचा संबंध दूरचा. या सरासरीची नाजूक अवस्था रसायनशास्त्राच्याच एका प्रसंगाने जगापुढे आणली. स्फटिकांच्या रचना उकलण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या संगणकीय आज्ञावलीचा इतिहास सांगणारा जॉर्ज शेल्ड्रिक यांचा निबंध २००८ साली 'अॅक्टा क्रिस्टलोग्राफिका'च्या 'अ' विभागात आला. ती आज्ञावली वापरणाऱ्यांनी या निबंधाचा उल्लेख करावा, अशी सूचना त्यात होती. परिणामी ज्या नियतकालिकाचा प्रभावांक दोनच्या आसपास असे, तो एका वर्षात पन्नासच्या जवळ गेला. त्या अंकांत शेजारच्या पानांवर छापलेल्या इतर निबंधांची योग्यता त्या वर्षात पंचवीस पटींनी वाढली, असे कोण म्हणेल?

३

येथवरचे दोष गणिताचे आहेत आणि गणिताने ते काही अंशी दूरही करता येतील. माझ्या मते मूळ अडचण गणिताच्या आधीची आहे. जी वस्तू मोजावयाची ती एकजिनसी आहे असे गृहीत धरले जाते, आणि हे गृहीत भाषेच्या दृष्टीने टिकत नाही.

उल्लेख ही एक भाषिक कृती आहे. लेखक दुसऱ्याचे नाव घेतो तेव्हा तो त्या नावाने काहीतरी करीत असतो. आपल्या मराठीत या कृतीला एक शब्द नाही, अनेक आहेत, आणि प्रत्येकाची छटा वेगळी आहे. आपण एखाद्याचा दाखला देतो, आधार घेतो, हवाला देतो, साक्ष काढतो, एखाद्याचे ऋण मान्य करतो, त्याचे मत खोडून काढतो, कधी केवळ रीत म्हणून त्याचे नाव घेतो. 'दाखला' म्हणजे आपल्या विधानाला अनुरूप असे पूर्वीचे उदाहरण. 'हवाला' देताना विधानाची जबाबदारी आपण दुसऱ्यावर सोपवितो. 'साक्ष' काढावयाची ती वाद असेल तेथे. हे शब्द परस्परांच्या जागी ठेवून पाहावेत म्हणजे त्यांतील अंतर लगेच ध्यानात येते. उल्लेख-सूचीने या सर्व क्रियांना एकच खूण दिली आणि प्रत्येक खुणेचे मूल्य एक धरले.

व्याकरणपरंपरेला हा भेद फार पूर्वीपासून ठाऊक आहे. पाणिनीने अष्टाध्यायीत शाकल्य, गार्ग्य, शाकटायन, स्फोटायन इत्यादी दहा पूर्वाचार्यांचा नावाने निर्देश केला आहे. ज्या ग्रंथात एकेक मात्रा वाचविण्याची काळजी घेतलेली आहे, तेथे हे नामनिर्देश निष्कारण आले असणार नाहीत, असे मानून टीकाकारांनी प्रत्येक स्थळी प्रश्न विचारला: आचार्याचे नाव येथे विकल्प दर्शविण्यासाठी आले आहे की केवळ आदरार्थ? उत्तरावर सूत्राचा अर्थ अवलंबून राही. म्हणजे उल्लेख मोजण्यापूर्वी तो कशासाठी आला हे ठरविणे त्यांना आवश्यक वाटले. दहा नावे आली एवढे सांगून त्यांपैकी कोणीही थांबला नाही.

आश्चर्याची गोष्ट अशी की, गारफील्ड यांनी ज्या नमुन्यावरून आपली सूची रचली त्या नमुन्यातही हा भेद राखलेला होता. अमेरिकेतील वकिलांच्या उपयोगासाठी १८७३ पासून शेपर्ड यांची न्यायनिर्णयांची सूची निघत आली. एखाद्या निर्णयाचा पुढील कोणत्या निर्णयांत उल्लेख झाला हे त्या सूचीत मिळे. पण त्याबरोबरच पुढील न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला, रद्द ठरविला, की प्रस्तुत प्रकरण त्याहून भिन्न असल्याचे सांगितले, हेही खुणेच्या अक्षरांनी दाखविलेले असे. वकिलाला हे अक्षर संख्येहून महत्त्वाचे वाटावे यात नवल नाही. रद्द झालेल्या निर्णयाचे शंभर उल्लेखही त्याच्या कामाचे नाहीत. विज्ञानाच्या सूचीत उल्लेखांचे जाळे आले, परंतु ही अक्षरे मागे राहिली. वाङ्मय शोधण्याचे साधन म्हणून ती सूची उत्तमच होती, कारण सापडलेला निबंध वाचक स्वतः वाचणार होता. अडचण उद्भवली ती पुढे, वाचण्याची पायरी गाळून नुसती मोजणी निर्णयास वापरली जाऊ लागली तेव्हा.

रसायनविषयक लेखनात तर उल्लेखाचा एक प्रकार विशेष बलवान आहे. त्याला पद्धतीचा उल्लेख म्हणता येईल. प्रथिनांचे प्रमाण मोजण्याची रीत सांगणारा लाउरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९५१ चा निबंध जगात सर्वाधिक उल्लेखिलेला निबंध म्हणून प्रसिद्ध आहे. त्याच्या उल्लेखांची संख्या तीन लाखांच्या वर गेली आहे. या निबंधाची उपयुक्तता कोणी नाकारणार नाही. पण तेवढ्यावरून तो विसाव्या शतकातील सर्वांत मोठा रासायनिक विचार ठरत नाही. उलटपक्षी जो विचार शास्त्राच्या हाडीमांसी भिनतो त्याचा उल्लेख करणेच लोक सोडून देतात. आवर्तसारणी वापरणारा कोणीही मेंडेलेयेवच्या १८६९ च्या निबंधाचा संदर्भ तळटीपेत देत नाही. प्रभाव पूर्ण झाला की उल्लेख थांबतो, असा हा विरोधाभास आहे.

४

आता आपल्या परिसरातील उदाहरणाकडे वळू. शिवाजी विद्यापीठाची स्थापना १९६२ ची. येथील पदार्थविज्ञान विभागातील तनुपटल-प्रयोगशाळेतून दोन समालोचनपर निबंध प्रसिद्ध झाले. पहिला माने आणि लोखंडे यांचा, रासायनिक निक्षेपणाने धातूंच्या सल्फाइड-सेलेनाइडसारख्या संयुगांची तनुपटले बनविण्याविषयीचा. तो 'मटेरिअल्स केमिस्ट्री अँड फिजिक्स' या नियतकालिकात २००० साली आला. दुसरा पठाण आणि लोखंडे यांचा. तो 'बुलेटिन ऑफ मटेरिअल्स सायन्स' या बंगळूरच्या भारतीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात २००४ साली छापला गेला. या दोन्ही निबंधांचे शेकड्यांनी उल्लेख झाले आहेत आणि ते जगाच्या अनेक देशांतून झाले आहेत.

या यशाचे कारण निबंधांच्या विषयातच आहे. तनुपटल, म्हणजे काचेवर अथवा धातूवर चढविलेला पदार्थाचा अत्यंत पातळ थर, बनविण्याच्या प्रचलित रीतींपैकी अनेकींना निर्वात पोकळी, मोठाली यंत्रे आणि मोठा खर्च लागतो. रासायनिक निक्षेपणास काचेचे चंचुपात्र, धातूचा क्षार, थायोयुरियासारखा गंधक पुरविणारा पदार्थ आणि तापमानावर ताबा एवढ्याने भागते. द्रावणातून संयुग हळूहळू साका धरते आणि त्यात बुडविलेल्या काचपट्टीवर त्याचा थर बसतो. दुसऱ्या निबंधाचा विषय असलेली रीत निकोलाऊ यांनी १९८५ च्या सुमारास पुढे आणली. तीत काचपट्टी आळीपाळीने धन आयनांच्या व ऋण आयनांच्या द्रावणात बुडवावयाची आणि मध्ये पाण्याने धुवावयाची. एका फेरीत एक थर चढतो. फेऱ्यांची संख्या वाढवावी तशी जाडी वाढते. मर्यादित साधनांच्या प्रयोगशाळेला हे वरदानच होय. कोल्हापुरातील प्रयोगशाळेने ही रीत स्वतः वापरून, तिचे विखुरलेले ज्ञान एकत्र करून, जगातील तशाच अन्य प्रयोगशाळांच्या हाती दिले, म्हणून उल्लेख झाले.

या उदाहरणात उल्लेखसंख्या खोटे बोलत नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. जे आकड्यांना सरसकट नावे ठेवतात त्यांनी याचा विचार करावा. कोल्हापूरसारख्या ठिकाणचे काम जगाने वापरले याचा पुरावा या संख्येनेच दिला. कोणा मोठ्या संस्थेच्या शिफारशीची त्यासाठी गरज लागली नाही.

परंतु हेच उदाहरण या मापांच्या मर्यादाही उघड करते. पहिली मर्यादा अशी. दुसरा निबंध भारतीय नियतकालिकात आला. परदेशी बड्या नियतकालिकांच्या मानाने त्याचा प्रभावांक लहान. नियतकालिकावरून निबंधाची किंमत करणाऱ्या पद्धतीने हा निबंध खालच्या रांगेत बसविला असता. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत गुणांकन असे होते: प्रभावांक नसलेल्या संदर्भपरीक्षित नियतकालिकातील निबंधास ५ गुण, एकाहून कमी प्रभावांकास १०, एक ते दोनला १५, दोन ते पाचला २०, पाच ते दहाला २५ आणि दहाहून अधिकास ३०. या कोष्टकात निबंधाचे पुढे काय झाले याला स्थान नाही. शेकड्यांनी उल्लेख झालेला निबंध आणि शेजारच्या पानावरचा कोणीही न वाचलेला निबंध यांना तेथे एकच गुण. दुसरी मर्यादा विषयविभागणीची. पदार्थविज्ञान विभागात झालेले हे काम स्वभावतः रसायनशास्त्राचे आहे. विद्राव्यता, जटिल आयन, अवक्षेपण या त्याच्या संकल्पना. मग या अभ्यासकांची तुलना कोणाशी करावयाची? उल्लेखांचे सरासरी प्रमाण शाखेशाखेत भिन्न असते, त्यामुळे चौकट बदलली की तोच आकडा मोठा किंवा लहान दिसतो. तिसरी मर्यादा सर्वांत महत्त्वाची. हे दोन्ही समालोचनपर निबंध आहेत. समालोचनाला मूळ प्रयोगापेक्षा अधिक उल्लेख मिळतात, कारण नंतरचा लेखक दहा मूळ निबंधांऐवजी एका समालोचनाचा आधार घेतो. त्या समालोचनामागे वर्षानुवर्षे केलेले प्रयोग, फसलेली पटले आणि विद्यार्थ्यांच्या हाताला लागलेले वळण असते. तो उल्लेख वाचणाऱ्यास हे कळावे कसे?

५

मोजणीत जे येते त्याचा विचार झाला. जे येतच नाही त्याचा विचार अधिक अगत्याचा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोल्हापूर येथे बाळाजी प्रभाकर मोडक हे शास्त्रविषय शिकवीत असत. रसायनशास्त्रासह विज्ञानाच्या निरनिराळ्या शाखांवर त्यांनी मराठीत ग्रंथ लिहिले. त्या काळी मराठीत रासायनिक क्रिया सांगावयाची म्हणजे आधी तिच्यासाठी शब्द आणि वाक्य घडवावे लागे. संस्कृतातून शब्द घ्यावा, लोकांच्या तोंडचा घ्यावा की इंग्रजीच ठेवावा, हे पदोपदी ठरवावे लागे. भाषाशास्त्राच्या दृष्टीने हे काम मूलभूत होते आणि रसायनशास्त्राच्या दृष्टीनेही ते गौण नव्हते, कारण ज्या समाजाजवळ एखाद्या शास्त्राची भाषा नसते त्याला ते शास्त्र उसनेच राहते. आजच्या सूचीत मोडकांचा निर्देशांक काढू गेल्यास उत्तर शून्य येईल. कोल्हापुरात रसायनशास्त्राचा पाया मराठीत घालणाऱ्या माणसाचा प्रभाव शून्य, हे विधान ज्या मापाने खरे ठरते त्या मापाच्या व्याप्तीविषयी आपण सावध असावयास हवे.

दुसरे उदाहरण कमला सोहोनी यांचे. दुर्गाबाई भागवतांच्या या भगिनीने १९३९ साली केंब्रिज येथे डॉक्टरेट मिळविली. वनस्पतींच्या पेशींतील 'सायटोक्रोम सी' या द्रव्यासंबंधीचे त्यांचे काम जीवरसायनशास्त्रात मोलाचे मानले जाते. मुंबईच्या विज्ञानसंस्थेत त्यांनी पुढे नीरेचे आणि गोरगरिबांच्या आहारातील कडधान्यांसारख्या अन्नांचे पोषणमूल्य तपासले. केंब्रिजचे काम जगाच्या नियतकालिकांत वाचले जाण्याजोगे होते. नीरेच्या कामाचा प्रश्न ताडामाडांच्या प्रदेशातला, कुपोषित मुलांच्या आणि मातांच्या आहारातला होता. पहिल्या कामाचा वाचक निबंध लिहितो. दुसऱ्याचा लाभार्थी निबंध लिहीत नाही, म्हणून तो उल्लेखही करीत नाही. दोहोंपैकी कोणते काम थोर, याचा निवाडा करण्याचे येथे कारण नाही. एका मापाने दोन्ही कामे मोजता येत नाहीत, एवढेच दाखवावयाचे आहे.

हा भेद आपल्या विद्यार्थ्यांच्या दाराशी येऊन ठेपला आहे. इचलकरंजीच्या कापडधंद्यातील रंगद्रव्यांनी युक्त सांडपाणी, पंचगंगेच्या पाण्याचे प्रदूषण, ऊसपट्ट्यातील जमिनीची वाढती क्षारता, गुऱ्हाळात गूळ करताना रस स्वच्छ करण्याच्या रीती हे रसायनशास्त्राचेच प्रश्न आहेत. कोल्हापुरी गुळास २०१४ साली भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षणही मिळाले. परंतु या प्रश्नांवर काम करणाऱ्या विद्यार्थ्याला उल्लेख कोण देणार? ज्याला त्याच्या निष्कर्षांचा उपयोग तो गुऱ्हाळवाला किंवा नगरपालिकेचा अभियंता. जगातील पाचशे प्रयोगशाळा ज्या एका पदार्थाच्या मागे लागल्या आहेत त्या पदार्थावर पाचशे एकावा निबंध लिहिला तर पाच-पन्नास उल्लेख ठरलेले. विषय निवडताना विद्यार्थी हा हिशोब करतो, आणि त्याला दोष देता येत नाही. त्याची नोकरी त्या हिशोबावर अवलंबून असते.

६

माप हे केवळ वस्तूचे मोजमाप करून थांबत नाही. त्यावर काही मिळू लागले की ते वस्तूलाच बदलू लागते. २०१० च्या विनियमांनी प्राध्यापकांसाठी गुणसंख्येची पद्धत आणली. २०१६ साली राष्ट्रीय मानांकनाची पहिली यादी निघाली आणि त्यात निबंध व उल्लेख यांना वजन आले. संशोधक विद्यार्थ्याने प्रबंध देण्यापूर्वी निबंध छापलाच पाहिजे असाही नियम काही वर्षे होता. २०२२ च्या विनियमांत ती सक्ती राहिली नाही. निकृष्ट नियतकालिके वगळावीत म्हणून आयोगाने २०१९ साली सिद्ध केलेली मान्य नियतकालिकांची यादी २०२५ साली बंद करण्यात आली. नियम बदलत गेले, त्यांमागील ओढ मात्र कायम राहिली. तिची फळे सर्वांच्या परिचयाची आहेत. एका भाकरीचे चतकोर करून चार ठिकाणी वाढावयाचे. आपणच आपला उल्लेख करावयाचा. तू माझे नाव घे, मी तुझे घेतो असा वाटा-घाट करावयाचा. ज्याने प्रयोगास हात लावला नाही त्याचे नाव लेखकांत घालावयाचे. २०१८ च्या विनियमांत दोहोंहून अधिक लेखक असल्यास प्रमुख लेखकास सत्तर टक्के आणि इतर प्रत्येकास तीस टक्के गुण होते. म्हणजे लेखक वाढतील तसे एका निबंधाचे एकूण गुण वाढतच जाणार. रसायनशास्त्रात वस्तुमान अक्षय्य असते असे आपण शिकवितो. या कोष्टकात ते केवळ नावे वाढविल्याने वाढते.

जगातील दोन टक्के शास्त्रज्ञांची जी यादी दर वर्षी वृत्तपत्रांत झळकते तिच्याविषयीही थोडे लिहिले पाहिजे. योआनिडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ पासून प्रसिद्ध केलेल्या या संकलनात सहा निरनिराळी परिमाणे एकत्र केली आहेत. सहलेखकांची संख्या विचारात घेतली आहे, एकट्याने अथवा प्रथम किंवा अंतिम लेखक म्हणून केलेल्या लेखनाचा वेगळा हिशोब आहे, आणि स्वतःचे उल्लेख वगळूनही क्रम दिला आहे. साधन म्हणून ते पूर्वीच्यांहून काळजीपूर्वक घडविलेले आहे. पण वृत्तपत्रातील मथळ्यात 'उल्लेखांच्या अमुक मापाने' हे शब्द गळतात आणि 'जगातील सर्वश्रेष्ठ' हे शब्द येतात. विशेषण बदलले की विधान बदलते, ही भाषेची साधी गोष्ट येथे विसरली जाते.

७

या टीकेवर एक आक्षेप येईल, आणि तो हलक्या हाताने बाजूला सारण्यासारखा नाही. आकडे सोडून जाणत्यांच्या मतावर विसंबावे म्हटले तर जाणते कोण? निवडसमितीच्या खोलीत ओळख, जात, गट आणि गुरुकुल यांचे वजन किती पडते हे कोणास ठाऊक नाही? खेड्यातून आलेल्या, कोणाचा वरदहस्त नसलेल्या उमेदवाराला एच-निर्देशांक हाच एक साक्षीदार उरतो. आकडा निदान तोंड पाहून बदलत नाही. वर पाहिलेल्या तनुपटलांच्या उदाहरणाने या आक्षेपास बळकटीच येते.

मला हा आक्षेप मान्य आहे, आणि म्हणूनच आकडे टाकून द्यावेत असे माझे म्हणणे नाही. परंतु साक्षीदार आणि न्यायाधीश या दोन वेगळ्या जागा आहेत. साक्षीदाराची उलटतपासणी करावयाची असते. या संशोधकाचे चारशे उल्लेख आहेत, असे आकड्याने सांगितले की समितीने विचारावे: कशाचे? कोणी केले? आधार म्हणून, पद्धतीसाठी, की खंडनासाठी? ज्या समितीला हे विचारावयाचे नसते तिच्या हातात आकडाही पक्षपाताचे साधन होतो, कारण कोणते माप लावावयाचे हे तीच ठरविते. पक्षपातावर खरा उपाय उघड कारणमीमांसा हा आहे. निवड का केली हे लिहून द्यावे लागले तर मताचाही मनमानीपणा कमी होतो आणि आकड्याचाही.

जगात याविषयी विचार झाला नाही असे नाही. २०१२ साली सॅन फ्रान्सिस्को येथे सिद्ध झालेल्या जाहीरनाम्याने नियतकालिकाच्या मापावरून व्यक्तीची योग्यता ठरवू नये असे सांगितले. २०१५ च्या लायडेन जाहीरनाम्याने स्थानिक महत्त्वाच्या संशोधनातील उत्कृष्टतेला संरक्षण द्यावे, असे एक तत्त्व स्पष्टपणे नमूद केले. इंग्रजीखेरीज अन्य भाषांत झालेल्या कामाचा प्रश्न त्याच तत्त्वाखाली येतो. आपल्यासारख्या विद्यापीठांना हे तत्त्व परकीय वाटण्याचे कारण नाही.

व्यवहारात काय करता येईल? पहिली गोष्ट, संशोधकाने आपले पाचच निबंध निवडावेत आणि प्रत्येकाविषयी एक पान लिहावे: प्रश्न कोणता होता, स्वतःचा वाटा कोणता, पुढे त्याचा उपयोग कोणी कसा केला. समितीने ते निबंध वाचावेत. दुसरी, उल्लेखसंख्या द्यावयाची तर तिच्याबरोबर दहा प्रातिनिधिक उल्लेखांची मूळ वाक्ये द्यावीत. शेपर्डच्या सूचीतील हरवलेली अक्षरे एवढ्याने परत मिळतील. तिसरी, तुलना त्याच शाखेतील आणि साधारण त्याच वयाच्या अभ्यासकांशी करावी. चौथी, मराठीतील शास्त्रीय लेखन, परिभाषेचे काम आणि परिसराच्या प्रश्नांवरील अहवाल यांना स्वतंत्र रकाना असावा आणि त्यांचे परीक्षण त्या कामाचा उपयोग करणाऱ्यांकडूनही व्हावे. या चारही गोष्टींना वेळ लागतो. पण ज्या माणसाला तीस वर्षांसाठी अध्यापनाची जागा द्यावयाची त्याचे पाच निबंध वाचण्यास एक दिवस देता येत नसेल, तर दोष वेळेचा मानता येणार नाही.

ग्रॉसद्वयाने १९२७ साली उल्लेख मोजले ते विद्यार्थ्यांनी काय वाचावे हे ठरविण्यासाठी. मोजणी वाचनाची वाट दाखविणारी होती. आज तिने वाचनाचीच जागा घेतली आहे. ती पुन्हा आपल्या मूळ जागी नेऊन ठेवणे एवढेच करावयाचे आहे, आणि ते कोणत्याही आयोगाच्या नव्या विनियमाची वाट न पाहता प्रत्येक विभागाला आपल्या पुढील बैठकीपासून करता येण्याजोगे आहे.